ह्यात मी कुठं हाय?

मित्रांनो, एक छोटंसं काम कराल? हा अंक क्षणभर बाजूला ठेवा आणि घरातल्या सगळ्यात जास्त उजेडाच्या खिडकीसमोर कुणाला तरी उभं करा. आईला, आजीला, धाकट्या भावाला, जे कोणी तावडीत सापडेल त्याला! खिडकी त्यांच्या पाठीशी हवी बरं का. आता नीट पाहा. आजीचा चेहरा दिसतोय? दिसतोय. कपाळावरचं गोंदण? तेही दिसतंय. आणि तिच्या मागे, खिडकीबाहेर दोरीवर वाळत घातलेले कपडे? तेसुद्धा अगदी रंगांसकट दिसतायत.

आता घरातल्या कुणाचा तरी फोन किंवा कॅमेरा घ्या आणि फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा.

काय झालं? कपडे छान आले, पण आजीच्या जागी एक काळी सावली उभी आहे, असंच ना? की आजी छान आली आणि खिडकीबाहेर नुसता पांढराधोप उजेड? म्हणजे डोळ्यांना दोन्ही दिसलं, पण कॅमेऱ्याला एकच काहीतरी जमलं. तुमच्याकडचा फोन नवा असेल, तर कदाचित दोन्ही बऱ्यापैकी दिसेल. तसं का होतं, तेही पुढे सांगणार आहे. पण त्याआधी मी या भानगडीत कशी पडले, ते ऐका.

मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. दोन खोल्या, पुढे व्हरांडा आणि अंगणात एक जुनं, डेरेदार चिंचेचं झाड, एवढीच आमची शाळा. त्या वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गात बावीस मुलं होती. आमच्या भागातली पुष्कळ माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. भांडीकुंडी, गोधड्या, कोयते आणि लेकरं ट्रॅक्टरमध्ये बसतात, ती कारखाना बंद झाल्यावर, पाडव्याच्या सुमारास परत येतात. तोवर वर्गातल्या काही जागा रिकाम्या असतात.

मला वाटलं, ही मुलं जायच्या आत वर्गाचा एक फोटो काढावा आणि सगळ्यांना एकेक प्रत द्यावी. तिकडे कोपीत लावतील, शाळेची आठवण राहील. वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव इथे छापलेलं तिला आवडणार नाही, म्हणून सांगत नाही. उंचीनं सगळ्यांत लहान आणि बोलायलाही कमी. पण त्या दिवशी तीच पुढे येऊन म्हणाली, “बाई, फोटोत आपला वर्ग दिसंल का? आन् चिंचबी?”

“दिसेल की!” मी म्हणाले. मला काय माहीत!

आमच्या वर्गात फळ्याच्या शेजारीच दार आहे आणि दारातून चिंच दिसते. मी मुलांना फळ्यासमोर उभं केलं, मागच्या भिंतीला पाठ टेकवली आणि भाच्याकडून आणलेल्या जुन्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. सकाळचे अकरा वाजले होते. अंगणात लख्ख ऊन होतं. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर फोटो बरा वाटला. तालुक्याच्या गावी जाऊन बावीस प्रती छापून आणल्या.

फोटो हातात आले तेव्हा मुलं आधी चिंच पाहून खूश झाली. झाडाचं पान न् पान आलं होतं. मग ती स्वतःला शोधायला लागली. दाराजवळ उभ्या असलेल्यांचा अर्धा अर्धा चेहरा उजळला होता. बाकीचे काळे आकार होते. कुणी केसांच्या रिबिनीवरून, कुणी शर्टाच्या बाहीवरून स्वतःला ओळखलं. ती मुलगी उभी होती दारापासून सगळ्यात लांब, कोपऱ्यात. ती फोटोकडे बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडे आली.

“बाई, ह्यात मी कुठं हाय?”

मी फोटोतल्या एका काळ्या डागावर बोट ठेवलं. “ही बघ की, ही तू.”

मित्रांनो, तुम्हाला खरं सांगते. ती होती की तिच्यामागच्या कपाटाची कड होती, हे मलाही ओळखता येत नव्हतं. तिनं मान हलवली. फोटो वहीत घातला. तिसऱ्या दिवशी तिच्या घरचं बिऱ्हाड हललं आणि तो फोटोही तिच्याबरोबर गेला.

मला काही चैन पडेना. मी तो फोटो घेऊन तालुक्याच्या फोटो स्टुडिओत गेले. तिथल्या काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “बाई, पोरांना चिंचेखाली सावलीत उभं केलं असतं तर काम झालं असतं.” अगदी बरोबर! फोटो काढताना आधी हाच विचार करावा. माणसाचं तोंड उजेडाकडे वळवलं की निम्मी अडचण तिथेच संपते. पण मग आमचा वर्ग दिसला नसता. तिला तर दोन्ही हवं होतं. तसं सांगितल्यावर काका हसले. “दोन्ही पाहिजे? मग एका फोटोत नाही भागायचं. एकाच जागेवरून चार-पाच काढा आणि जुळवा. एचडीआर म्हणतात त्याला.”

एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. सोप्या मराठीत सांगायचं तर उजेडापासून अंधारापर्यंतचा मोठा आवाका. त्या दिवसापासून मला हा नाद लागला.

आता कॅमेऱ्याला दोन्ही का जमत नाही, ते पाहू. पावसाळ्यात छपराच्या पागोळ्या गळतात, तेव्हा अंगणात वाट्या मांडून ठेवल्यात अशी कल्पना करा. काही वाट्या थेट पागोळ्यांखाली, काही आत व्हरांड्यात, जिथे नुसते तुषार येतात. दहा मिनिटांनी पाहिलं तर बाहेरच्या वाट्या भरून वाहतायत. त्यांत किती पाऊस पडला ते आता सांगता येणार नाही, कारण वरचं सगळं सांडून गेलं. आतल्या वाट्यांत दोनदोन थेंब आहेत. तेही मोजता येत नाहीत. डिजिटल कॅमेऱ्याच्या आत अशाच उजेड झेलणाऱ्या लाखो बारीक वाट्या असतात. वाटी भरून वाहिली की तिथे फोटो पांढरा. वाटीत जवळजवळ काहीच नाही पडलं, तर तिथे काळा.

आणि उजेडातला फरक केवढा असतो! भर उन्हात अंगणात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो (लक्स हे उजेड मोजायचं माप), तर घरात खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात जेमतेम शंभर. म्हणजे हजार पट फरक! आपल्याला तो जाणवत नाही, कारण आपले डोळे एका जागी स्थिर राहतच नाहीत. उजेडाकडे पाहिलं की बुबुळाच्या मधलं काळं भोक आकसून साधारण २ मिलिमीटर होतं, अंधारात ते ७-८ मिलिमीटरपर्यंत पसरतं. शिवाय नजर सारखी इकडून तिकडे फिरते आणि मेंदू ते सगळे तुकडे जोडून आपल्यापुढे एक चित्र ठेवतो. संध्याकाळी आरशासमोर उभे राहा, अर्धा मिनिट डोळे तळव्यांनी झाका, मग हात काढून पटकन आरशात पाहा. ते भोक लहान होताना तुम्हालाच दिसेल. (सूर्याकडे मात्र कधीही थेट पाहायचं नाही. कॅमेऱ्यातूनसुद्धा नाही!)

कॅमेरा बिचारा एकदाच पाहतो. मग त्याला अनेकदा पाहायला लावायचं, हीच सगळी युक्ती.

ही युक्ती काही आजची नाही बरं का. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे नावाचा छायाचित्रकार होता. १८५६-५७ च्या सुमारास तो समुद्राचे फोटो काढत असे. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हला निळा उजेड फार लवकर लागे. त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरंफटक होऊन जाई, ढग गायब! मग यानं काय केलं? समुद्रासाठी एक निगेटिव्ह, आकाशासाठी दुसरी. छापताना दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जुळवायची. लोक त्याचे ढग बघून थक्क झाले. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत चार्ल्स वायकॉफ यांनी अणुस्फोटांचे फोटो काढायला एक खास फिल्म तयार केली. तिच्यावर कमी, मध्यम आणि जास्त संवेदनशील असे तीन थर होते. म्हणजे एकाच फिल्ममध्ये तीन कॅमेरे!

संगणकावर हे काम पक्कं बसवणाऱ्यांत एक नाव आपल्या देशातलं आहे. जितेंद्र मलिक यांचा जन्म मथुरेचा, शिक्षण कानपूरच्या आयआयटीत. पुढे ते अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकवू लागले. १९९७ साली त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी पॉल डेबेवेक यांनी एक शोधनिबंध मांडला. त्यात एका चर्चच्या आतले १६ फोटो होते. कॅमेरा एकाच जागी. पहिल्या फोटोला कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, ३० सेकंद उघडं. मग दर वेळी निम्मं करत करत शेवटी सेकंदाचा हजारावा भाग! एकात अंधारे कोनाडे दिसायचे, दुसऱ्यात रंगीत काचांवरची नक्षी. संगणकानं प्रत्येक फोटोतला भरवशाचा भाग घेऊन उजेडाचा एकच पुरा हिशेब मांडला. तुम्ही गणितात दोननं भागत जाता ना, तेच! फोटोग्राफीत उजेड दुप्पट किंवा निम्मा झाला की त्याला एक ‘स्टॉप’ म्हणतात.

हल्लीचे नवे फोन हेच काम आपोआप करतात. तुम्ही एकदा बटण दाबता, पण फोन पटापट अनेक फोटो घेतो आणि जुळवून एक दाखवतो. म्हणून तर तुमची आजी नीट आली! मग हे आपण हातानं का करायचं? कारण फोन त्याच्या मनानं ठरवतो. हातानं केलं की काय उजळायचं आणि काय राहू द्यायचं, ते आपण ठरवतो.

तर हातानं कसं करायचं, ते सांगते. कॅमेरा हलता कामा नये, ही पहिली अट. ट्रायपॉड नसेल तर स्टूल घ्या, त्यावर जाडजूड पुस्तकं रचा. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. मग मॅन्युअल पद्धत निवडा. फोनमध्ये ‘प्रो’ असं काही असेल तर ते चालतं. आयएसओ १०० वर ठेवा. भिंगाचं तोंड किती उघडं (त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात), फोकस आणि रंगांचा तोल, यांतलं काहीही मध्येच बदलायचं नाही. बदलायचा फक्त शटरचा वेळ. मी आमच्या वर्गासाठी पाच फोटोंची शिडी केली होती. १/५००, १/१२५, १/३०, १/८ आणि १/२ सेकंद. दर पायरीला उजेड सुमारे चौपट, म्हणजे दोन स्टॉप. पहिल्यात फक्त बाहेरचं झाड दिसायचं, बाकी काळोख. शेवटच्यात कोपऱ्यातलं कपाट दिसायचं आणि दाराच्या जागी पांढरी चौकट. पुढे संगणकावर जुळवायचं. ‘ल्युमिनन्स एचडीआर’ आणि ‘ह्यूजिन’ ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

जुळवल्यावर एक पायरी उरते. हिशेबात आलेला सगळा उजेड आपल्या संगणकाचा पडदा किंवा फोटोचा कागद दाखवू शकत नाही. अख्खा महाराष्ट्र पुस्तकाच्या एका पानावर बसवायचा तर नकाशा लहान करावा लागतो ना? तसा हा उजेडाचा आवाका दाबून बसवावा लागतो. त्याला ‘टोन मॅपिंग’ म्हणतात. आणि नवशिके फसतात ते इथेच!

मीही फसले. पहिल्या पहिल्या फोटोंत मी सगळ्या कळा शेवटपर्यंत सरकवल्या. ढग लोखंडाचे वाटायला लागले. झाडाभोवती उजेडाचं कडं आलं, जणू चिंच म्हणजे कुणी संतमहात्मा. शाळेची पिवळी भिंत आकाशकंदिलासारखी झाली. मुलं तर म्हणाली, “बाई, हे शिनेमातलं हाय का?”

त्यातून मला खरी अद्दल घडली ती कार्ल्याला. मे महिन्याच्या सुट्टीत लोणावळ्याजवळची कार्ल्याची लेणी पाहायला गेले होते. तिथलं चैत्यगृह भारतातल्या खडकात कोरलेल्या चैत्यगृहांत सगळ्यात मोठं आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं! छताच्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. दर्शनी बाजूला घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान आहे, तिच्यातून उजेड आत येतो आणि खांबांच्या ओळींमधून स्तूपापर्यंत जातो. अशा संरक्षित ठिकाणी ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, म्हणून मी खांद्यावरची पिशवी जमिनीवर ठेवली, तिच्यावर कॅमेरा ठेवला आणि पाच फोटो घेतले. घरी येऊन सगळं उजळवलं. प्रत्येक खांब, प्रत्येक फासळी, प्रत्येक कोपरा स्वच्छ! आणि पाहते तर काय, चैत्यगृहाचं अगदी मंगल कार्यालय झालं होतं. तिथे उभं असताना जे शांत, गार वाटलं होतं, ते कुठल्या कुठे गेलं. तेव्हा कळलं, की अंधारसुद्धा त्या जागेचाच असतो. सगळा पुसायचा नसतो. ज्याला दिसायचा हक्क आहे, तेवढ्यालाच उजेडात आणायचं. मी फोटो पुन्हा जुळवला. फासळ्या दिसतील एवढाच उजेड ठेवला आणि बाजूच्या चिंचोळ्या वाटा अंधारात राहू दिल्या.

आता पुन्हा आमच्या वर्गात या. माझा सराव चालू असतानाच, पाडवा झाल्यावर, म्हणजे कार्ल्याला जायच्या महिनाभर आधी, ती मुलगी परत आली होती. उन्हानं रापली होती, उंची मात्र तेवढीच. मी वर्गात जाहीर केलं, “फोटो पुन्हा काढायचा!” कॅमेरा स्टुलावर ठेवला. खिडक्या सगळ्या उघडल्या. पण पाच फोटो होईपर्यंत बावीस मुलं हलणार नाहीत, हे कसं जमायचं? तुम्हीच सांगा! मग मी त्यांचाच खेळ काढला. “स्टॅच्यू!”

पहिल्या खेपेला एकाला शिंक आली. जुळवलेल्या फोटोत त्याला दोन नाकं! दुसऱ्या खेपेला कुणीतरी मागून कुणाला तरी चिमटा काढला. तिच्या तर तीन वेण्या आल्या, कारण तिनं मान वळवून पाहिलं होतं. याला एचडीआरवाले ‘भूत’ म्हणतात. मुलं भूत बघून खदाखदा हसली आणि मग स्टॅच्यू होणं आणखीच अवघड झालं. शेवटी मी मुलांचे चेहरे एकाच फोटोतून घेतले, १/८ सेकंदाच्या. दार, झाड आणि खोलीचे कोपरे बाकीच्यांतून. हलणारं काही असलं, की ते एकाच फोटोतून घ्यायचं, ही युक्ती तुम्हीही लक्षात ठेवा.

फोटो उजळवताना मी पुन्हा तीच चूक केली होती. चेहरे असे चकचकीत, जणू लग्नातले! ते तसेच छापायचा मला धीर झाला नाही. नेमकं काय चुकतंय, ते कार्ल्याहून आल्यावर समजलं. मग एकेक चेहरा बघत उजेड कमी केला. कोपरा थोडा अंधाराच राहू दिला, कारण आमचा कोपरा खरोखरच अंधारा आहे. पण त्या अंधारात उभी असलेली मुलगी दिसायला हवी होती.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी प्रती वाटल्या. आता ती चौथीत होती. या वेळी तिनं काही विचारलं नाही. फोटोवर बोट ठेवून ती कोपऱ्यापासून सुरू झाली. आधी स्वतः, मग शेजारची, मग तिच्या शेजारचा, असं करत करत दारापर्यंत गेली, दारातून चिंचेपर्यंत गेली आणि परत फळ्यावर आली. मग म्हणाली, “बाई, ह्यात फळ्यावरची तारीखबी वाचायला येती.”

मी पाहिलं. खरंच की! पाच फोटो जुळवताना माझं तिकडे लक्षही गेलं नव्हतं.

दिवाळीनंतर ती पुन्हा गेली. जाताना जुना फोटो माझ्याकडे देऊन गेली. “हा ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी,” म्हणाली. नवा वहीत घालून नेला. जुना फोटो मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. कुणाचा फोटो काढायचा झाला की आधी त्याच्याकडे पाहते.

तर मित्रांनो, या रविवारी करून पाहा. घरातला सगळ्यात अंधारा कोपरा आणि सगळ्यात उजेडाची खिडकी एकाच फोटोत येईल अशी जागा शोधा. स्टूल, पुस्तकं, टायमर आणि निदान तीन फोटो. जुळवायला संगणक नसला तरी हरकत नाही. तीनही फोटो शेजारी ठेवा आणि कुठल्या फोटोत कोण हरवलंय, ते नुसतं शोधून काढा. आणि हो, कोपऱ्यात कुणाला तरी उभं करायला विसरू नका!

तुमच्या बाई